हसरा दाब

"हसरा दाब," बाबा म्हणाले.

मी दारात उभी होते. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात भिजवून आणलेला टॉवेल, आणि समोर भिंतीवर ती तळहाताएवढी काचेची पाटी. तिच्यावर तीन चेहरे होते: घाम गाळणारा लाल, हसरा हिरवा आणि कुडकुडणारा निळा. खोलीत कोणी आलं-गेलं की पाटी टुणकन वाजायची आणि तिघांपैकी एकावर बोट टेकवावं म्हणून लुकलुकत राहायची.

"बाबा, अंगातून पानी गळून राह्यलं तुमच्या. मी लाल दाबते."

"हसरा दाब म्हनलं ना. लोकायच्या घरी हाओत आपन."

मी हसरा दाबला. पाटीवर 'धन्यवाद' असं आलं आणि ती विझली. खोलीतली हवा आधीच मुंगीच्या पावलानं येत होती, ती आता तेवढीही कळेनाशी झाली. मी टॉवेल बाबांच्या मानेवर ठेवला तेव्हा त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. त्या श्वासाचा मला भयंकर राग आला.

मे महिन्यातलं नागपूर होतं. बाबांच्या आतड्याचा कॅन्सर हिवाळ्यात कळला होता. आई डोणगावला बाबांचं शिलाईचं दुकान जमेल तसं चालवत होती, आणि मी शाळेतली नोकरी सोडून बाबांना केमोसाठी घेऊन आले होते. सुरुवातीला आम्ही रुग्णालयाच्या आवारात कडुलिंबाखाली चादर टाकून राहिलो. चार बाजूंना चार कुटुंबं, मधे सगळ्यांची मिळून एक चूल. मग एका न्यासाच्या नव्या धर्मशाळेत आमचा नंबर लागला. तिचं नाव 'मुक्काम'. राहणं फुकट, दोन वेळचं जेवण फुकट, खोलीला स्वतःचा नळ. पहिल्या दिवशी बाबांनी त्या नळाखाली हात धरला आणि कितीतरी वेळ ते नुसते उभेच राहिले.

ही इमारत म्हणे साधीसुधी नव्हती. जाड भिंती, खिडक्यांवर लांब छज्जे, गच्चीवर सोलर, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तळमजल्यावरचा तो पडदा. भिंतभर मोठा. त्यात अख्खी इमारत खोल्याखोल्यांनिशी दिसायची, जणू कोणी समोरची भिंत काढून ठेवली आहे. कुठे हिरवी खोली, कुठे पिवळी, कुठे लाल.

तो पडदा आम्हांला ईशानी ताम्हणकरनं समजावून दिला होता. ती पुण्याची, माझ्याच वयाची, हे सगळं तिनंच बसवलेलं. केस आखूड, बोलणं भराभर, आणि भेटेल त्याला काका-काकू.

"काका, ही या इमारतीची जुळी बहीण समजा," ती म्हणाली होती. "डिजिटल ट्विन म्हणतात हिला. इथं जे घडतं ते तिच्यात दिसतं. तुम्ही खिडकी उघडलीत की तिचीही खिडकी उघडते. आणि तिच्यातला एआय रोज तुमच्याकडून शिकतो. कुणाला किती गारवा लागतो ते लक्षात ठेवतो आणि तेवढीच वीज खर्च करतो. जेवढी वीज वाचली तेवढा कोळसा वाचला, धूर वाचला."

बाबांनी मान हलवली. "म्हंजे घरची मोठी सून. कोनाले काय लागते ते तिच्या ध्यानात असते."

ईशानी खळखळून हसली. "अगदी बरोबर काका! मी हे आता सगळ्यांना असंच सांगणार."

बाबा खूश झाले. मला मात्र कानकोंडं झालं. बाबा बोलायला लागले की मला नेहमी तसं व्हायचं. ईशानीशी बोलताना मी आपसूक पुस्तकी भाषेत शिरायचे, आणि मधेच बाबांचं 'ध्यानात', 'मले', 'तुले' आलं की माझे कान गरम व्हायचे. आज हे लिहितानाही होतात, फक्त कारण बदललं आहे.

आठवडाभरानं ईशानी पाटी नीट चालते का ते बघायला आमच्या खोलीवर आली. बाबांनी लगेच पिशवीतून आईनं दिलेला चिवड्याचा डबा काढला.

"घ्या ताई."

"नको काका, आत्ताच जेवून आले."

"घ्या वं, थोडसाक."

"खरंच नको. पोट भरलंय."

"बाबा, त्या नाही म्हणताहेत ना," मी दातांवर दात ठेवून म्हणाले. आमच्याकडच्या लग्नांत बाबांचा आग्रह प्रसिद्ध होता. शिलाईचं माप बाजूला ठेवून ते पंगतीत जिलब्या वाढायला उभे राहायचे, आणि त्यांच्या पुढ्यातून कोणी अर्धपोटी उठल्याचं कुणाला आठवत नाही. मला लहानपणापासून त्याची लाज वाटायची. माणूस नको म्हणतो, तर सोडावं की त्याला!

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. झाकणात चिवडा ओतून त्यांनी तिच्या हातातच दिला. ती उभ्याउभ्या एक घास खायला लागली, मग कॉटच्या कडेवर बसली, आणि बोलता बोलता सगळं झाकण रिकामं केलं. मग आणखी एकदा.

"सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं," ती ओशाळून म्हणाली.

"मले दिसलं ना," बाबा म्हणाले.

जाताना पाटी टुणकन वाजली. बाबांनी उठून हसऱ्यावर बोट ठेवलं. ईशानी म्हणाली, "छान! तुमच्या या बाजूकडून लाल कधीच येत नाही, काका."

ते तसं का येत नव्हतं ते मला माहीत होतं. आमच्या बाजूच्या सगळ्या खोल्यांत आमच्यासारखेच लोक होते, कोणी पुसदचे, कोणी वाशीमचे, कोणी गोंदियाकडचे. नवं कुटुंब आलं की बाबा त्यांना नळ कसा सोडायचा, जेवण कुठे मिळतं हे सांगायला जायचे, आणि निघताना पाटीकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे वाजलं का हसरा दाबायचा. फुकटचं छप्पर भेटलं आपल्याले. पाहुन्यानं दुसऱ्याच्या घरात पंखा वाढवा म्हनू नाई." शेजारच्या खोलीतल्या गोदावरीबाई तर पाटीला पदराच्या टोकानं पुसून मग हसऱ्यावर बोट ठेवायच्या.

आणि यंत्र शिकत गेलं. रोज थोडी हवा कमी. ही माणसं हसताहेत, म्हणजे आणखी थोडी कमी चालेल. तरीही हसताहेत? मग आणखी थोडी. आमच्या खोलीतली भिंत संध्याकाळी हाताला तव्यासारखी लागायला लागली. बाबांची झोप उडाली. तोंडात फोड होते म्हणून ते पाणी टाळायचे, आणि प्यायलेलं सगळं घामातून जायचं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढला.

"गणोरकर, शरीरातलं पाणी फार कमी झालंय. रक्तातल्या पेशीही कमी. आज मी केमो देऊ शकत नाही." मग माझ्याकडे वळून, "राहता कुठे? खोलीत गारवा आहे का? बघा, एकदा पुढे ढकलली, चालून जाईल. परत ढकलावी लागली तर आतापर्यंतच्या सगळ्यावर पाणी पडेल. त्यांना गार ठेवा, झोपू द्या."

परत येताना रिक्षात मी तोंड सोडलं. "ऐकलं ना? आता लाल दाबायचा म्हंजे दाबायचा."

"पाहू."

"पाहू काय? जिवापेक्षा त्या लोकायचं मन मोठं झालं का तुमाले?"

बाबांनी बाहेर बघितलं. कडुलिंबाचं झाड जवळून गेलं. खाली तीच चूल, आणि चादरीवर एक बाई वहीच्या पुठ्ठ्यानं कुणाला तरी वारा घालत होती.

"ते पाय," बाबा तिकडे बोट दाखवत म्हणाले. "त्यायनं कोनता चेहरा दाबाव?"

त्या दुपारी ते झोपल्यावर मी चोरासारखी उठले आणि लालवर बोट ठेवलं. झरोक्यातून फुर्रकन गार हवा आली. तेवढ्या आवाजानं बाबा जागे झाले. कॉटच्या दांडीला धरून ते उठले, पाटीपर्यंत गेले आणि हसरा दाबला. मग पुन्हा एकदा. मग, चुकून आधीचं राहू नये म्हणून, आणखी एकदा. हवा बसली. बाबाही बसले, जमिनीवरच, कारण परत कॉटपर्यंत यायचं बळ उरलं नव्हतं.

मी ईशानीला सांगायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. मी गेलेही होते. ती पडद्यासमोर लॅपटॉप घेऊन बसली होती. पण काय सांगणार? माझ्याच वयाच्या, खिशात गाडीची किल्ली घातलेल्या मुलीला, की आम्ही खोटं हसतो? आणि ती म्हणाली असती की जमत नसेल तर दुसरी सोय बघा, तर? मी पिण्याच्या पाण्याचं काहीतरी विचारलं आणि परत आले. पुढची केमो आठवड्यावर आली होती.

नेमकी त्याच वेळी ईशानी धावत वर आली. चेहरा फुललेला.

"काका, बातमी! अख्ख्या इमारतीत तुमची उत्तरेकडची बाजू सगळ्यात कमी वीज वापरते, आणि सगळ्यात समाधानी आहे. परवा पाहुणे येणार आहेत. न्यासाच्या अध्यक्षांनी ठरवलंय, सगळ्यांच्या वतीनं तुमचा सत्कार करायचा."

"माहा कायले ताई," बाबा म्हणाले. "मी काय केलं?"

"तुम्ही या बाजूचे म्होरके ना! सगळे सांगतात, गणोरकरकाकांनी आम्हांला पाटी शिकवली."

बाबांनी हात जोडले. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

कार्यक्रम तळमजल्याच्या सभागृहात होता, सकाळी. बाबांनी स्वतः शिवलेला पांढरा सदरा घातला. तो आता त्यांना दोन माणसांचा होत होता. सभागृहाच्या दारापाशीही तशीच पाटी होती. आमच्या पुढे एक पाहुणे आत शिरले, टाय लावलेले, गोरे, गोल. आत येताच रुमालानं मान पुसत त्यांनी लाल चेहरा दाबला. एकदा, आणि मग हवा यायला क्षणभर वेळ लागला म्हणून पुन्हा एकदा. कोणाशी तरी फोनवर बोलत होते, बोलणंही थांबवलं नाही. छतातून गारवा कोसळला. त्यांना कुणाची भीड वाटली नाही, आणि मी मात्र त्यांच्या मागे उभी राहून त्यांच्या वतीनं लाजले. माझीच मला कीव आली.

आत इतकं गार होतं की बाबांच्या हातांवर काटा आला. आमच्या बाजूची सगळी माणसं मागच्या रांगांत बसली, खुर्च्यांच्या टोकावर, कधीही उठवतील अशा बेतानं. बाबांना आणि मला पहिल्या रांगेत बसवलं.

अध्यक्ष देशकर बोलले. चांगले गृहस्थ होते, आवाजात ओलावा होता. मग ईशानी उठली. पडद्यावर जुळी इमारत आली, हळूहळू फिरली, आणि आमची बाजू पुढे आली. सगळी हिरवीगार. आमची खोलीसुद्धा. तिच्यावर आकडा होता, चौतीस.

"ही गंमत बघा," ईशानी म्हणाली. "आपण धरून चालतो की माणसाला सव्वीस-सत्तावीस अंशांना बरं वाटतं. इथल्या रहिवाशांना चौतीसलाही आरामदायी वाटतं. हे आम्ही कुणी गृहीत धरलं नव्हतं. हे एआयनं त्यांच्याकडून शिकून शोधून काढलं."

"खेड्यातल्या लोकांना सवय असते," टायवाले पाहुणे शेजारच्याला म्हणाले. हळूच म्हणाले, पण गार सभागृहात सगळं ऐकू येतं.

टाळ्या वाजल्या. मागच्या रांगांतूनही वाजल्या.

"आणि आता पुढचा टप्पा," ईशानी म्हणाली. "इथं शिकलेलं वाया जाणार नाही. हेच मॉडेल पुढच्या महिन्यात रुग्णालयाच्या नव्या जनरल वॉर्डात बसवतोय, आणि मग आणखी दोन धर्मशाळांत. तिथली माणसं साधारण अशीच, त्यामुळे यंत्राला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागणार नाही."

बाबा माझ्याकडे झुकले. "जनरल वार्ड म्हंजे? आपल्या झाडासमोरचा?"

"हो."

"तिथंबी चौतीस?"

"तसंच म्हनते ते."

"तिथल्यायनं कधी दाबलं?"

"त्यायनं नाई दाबलं बाबा. तुमी दाबलं."

हे मी रागानं बोलले. इतक्या दिवसांचा साठलेला राग होता आणि टोचायला बरी जागा सापडली होती. बाबा सरळ बसले.

नाव पुकारलं गेलं. अध्यक्षांनी बाबांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. फोटो झाला. "दोन शब्द बोला ना गणोरकर," अध्यक्ष म्हणाले आणि माइक त्यांच्यापुढे धरला. आता बाबा काय बोलणार ते मला एकदम कळलं. इतके दिवस मला तेच हवं होतं, त्यासाठीच मी भांडत होते. पण त्या क्षणी, त्या लोकांसमोर, मी पुढे होऊन त्यांचा सदरा मागून ओढला. "बाबा, बसा. नुसतं धन्यवाद म्हना आन् बसा."

बाबांनी सदरा सोडवून घेतला.

"मी भगवंत गणोरकर, डोनगावचा. शिंपी हाओ. मले भाषन येत नाई," ते म्हणाले. आवाज फाटका झाला होता, माइक होता म्हणून पोचला. "मी खोटं दाबलं."

कुणाला काही कळलं नाही. अध्यक्ष हसतच होते.

"आमच्या खोलीत लय उकडते. डोळ्याले डोळा लागत नाई. तरी मी हसरा दाबत होतो. आन् या बाजूच्या साऱ्यायलेबी मीच सांगतलं, हसरा दाबा. त्यायचा दोष नाई, ते माह्या शब्दावर गेले." बाबा थांबले. श्वास घेतला. "तुमी आमाले घरात घेतलं. दोन टाइम खाऊ घातलं. आन् मंग इचारलं, बरं हाय ना? मानूस काय म्हनन साहेब? बरंच हाय म्हनन."

मी खाली बघत होते. सभागृहाच्या फरशीत माझं तोंड दिसत होतं. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं.

"आमच्याकडं पाहुना पयल्यांदा नाईच म्हनते," बाबा म्हणाले. "दुसऱ्यांदाबी नाई म्हनते. तिसऱ्यांदा वाढलं का मंग खाते. तुमचं यंत्र एकदाच इचारते ताई. आन् लगेच खरं मानते. मी त्याले मोठी सून म्हनलो होतो, ते चुकलं माह्यं. सून अशी एकदा इचारून जात नाई."

ईशानी लॅपटॉपपाशी उभी होती, हात कीबोर्डवर तसाच.

"तुमीबी चिवड्याले नाई म्हनल्या होत्या," बाबा तिला म्हणाले.

तिनं नुसती मान हलवली.

"मंग किती खाल्ला?"

"दोन झाकणं," ती म्हणाली. कोणीतरी हसलं. मागच्या रांगेतून आणखी दोघंतिघं हसली, आणि लगेच थांबली.

"आमचं जाऊ द्या. आमी आपल्या हातानं दाबलं, आमी भोगू. पन वार्डातल्या मानसायले तर कोनी इचारलंबी नाई. त्यायच्या नावानं मी हसरा दाबला, असं झालं ना हे?" बाबांचा आवाज पार बसला. "एवढं पुसून टाका. मले लाज वाटते."

अध्यक्ष भानावर आले. "अहो गणोरकर, हा तुमचा मोठेपणा आहे, उन्हाळा सगळ्यांनाच..." पण त्यांचं वाक्य पुरं झालं नाही, कारण मागे गोदावरीबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "आमचंबी तसंच हाये साहेब. माह्या मालकाले राती मी गच्चीवर नेते." एवढं बोलून त्या मटकन बसल्या, जणू काही चोरी कबूल केली. मग कोणीच उठलं नाही, पण मागच्या रांगेतली एकेक मान खाली गेली, आणि ते उठण्याहून जास्त बोलकं होतं.

ईशानीनं पडद्यावरची आमची हिरवी बाजू बघितली. तिचे कान लाल झाले होते. "आकडा समोर होता," ती माइकशिवायच म्हणाली. "चौतीस. रोज बघत होते मी. मला वाटलं, किती छान." मग वॉर्डाचा खर्च करणाऱ्या टायवाल्या पाहुण्यांकडे वळून, "सर, हे वॉर्डात जाणार नाही. या बाजूचं शिकलेलं मी काढून टाकते. पहिल्यापासून शिकवू." पाहुण्यांनी घड्याळाकडे बघितलं.

बाबांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि अध्यक्षांपुढे धरली. "हे मले शोभत नाई."

"छे, छे. ठेवा."

"नाई साहेब."

"अहो ठेवा, आमचा मान म्हणून ठेवा."

"नको म्हनतो ना."

"गणोरकर, माझं ऐका. ठेवा," अध्यक्ष म्हणाले आणि घडी त्यांच्या छातीशी दाबली. तीनदा झालं होतं. आता बाबांना घेणं भागच होतं.

आम्ही वर आलो. जिन्यात बाबा प्रत्येक पायरीवर थांबत होते आणि मी त्यांच्या दंडाला धरून होते. त्यांना काहीतरी म्हणावं असं मला फार वाटत होतं. सदरा ओढला त्याबद्दल, वॉर्डाबद्दल मी जे टोचून बोलले त्याबद्दल. ते काहीच तोंडातून निघेना, म्हणून मी म्हणाले, "हळू. पायरी हाय."

खोलीत शिरलो तर खिडकीचा पडदा हलत होता. आम्ही तिथं राहायला आल्यापासून तो पहिल्यांदा हलताना मी बघितला. ईशानीनं खालूनच आमच्या बाजूची हवा सोडली होती, आणि शरमेनं सोडलेली ती हवा होती, त्यामुळे जरा जास्तच सोडली होती. पाटी टुणकन वाजली. आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघितलं आणि दोघांनीही तिला हात लावला नाही. बराच वेळ लुकलुकून ती आपणच विझली. बाबा कॉटवर पडले. पाणी मागितलं, प्यायले, आणि पुन्हा मागितलं.

पुढची केमो ठरल्या दिवशी झाली. त्यानंतर बाबा काही वर्षं जगले, चांगले जगले, पंगतीत वाढायलाही उभे राहिले. जनरल वॉर्डात पाटी बसली तेव्हा ईशानीनं मला तिचा फोटो पाठवला होता. हसरा दाबला की तिच्यावर अक्षरं यायची: 'नक्की ना?' आणि पुन्हा हसराच दाबला की: 'संकोच करू नका.' मी तो फोटो बाबांना दाखवला. ते म्हणाले, "आता सून झाली."

पण मला आठवते ती त्या सत्काराच्या दिवसाची दुपार.

जेवण झालं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आमची खोली गार पडत चालली होती. केमोनं वाळलेलं अंग, त्याला आता तो गारवाही सोसवेना. बाबांनी पाय पोटाशी घेतले. चादर ओढली, तिच्यावर सत्काराची शाल ओढली.

"गार होते का बाबा?" मी विचारलं.

"नाई वं. बरं हाय."

मी जमिनीवर सतरंजी टाकली. खोली खरंच छान लागत होती. कितीतरी दिवसांनी माझं अंग कोरडं झालं होतं आणि डोळे जड झाले होते. पडल्यापडल्या मी पुन्हा म्हणाले, "कमी करू का हवा?"

"राहू दे. तू झोप."

मी कूस बदलली. डोळा लागतच होता, तेवढ्यात कॉट करकरली. मी पापणी किलकिली केली. बाबा भिंतीला हात टेकत पाटीकडे चालले होते, शाल खांद्यावरून घसरून मागे लोळत होती. पाटीला हात लावला तशी ती जागी झाली. ते तिच्यापुढे उभे राहिले. बोट आधी हसऱ्याकडे गेलं, सवयीनं. तिथं थांबलं. मग त्यांनी ते हळूच बाजूला नेलं आणि कुडकुडणाऱ्या निळ्या चेहऱ्यावर टेकवलं.

हवा कमी झाली. बाबांनी पाटीला हात जोडले.

"तरास देतो, माय," ते तिला म्हणाले.

मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले. मी त्यांना दोनदाच विचारलं होतं.